वर्ड पुन्हा ‘कोरं’ कसं करायचं? नवी फाईल अर्ध्या पानावरून सुरू होते!

झेरॉक्सवाली
मंडळी, तहसील कचेरीसमोर माझं टायपिंग-झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, संमतीपत्र, वारसनोंदीचे अर्ज असली कामं. गेल्या महिन्यात भावाच्या लग्नाला चार दिवस माहेरी गेले आणि दुकान कामावरच्या पोरावर सोडलं. परत आले तेव्हापासून वर्डनं डोकं फिरवलंय.

बंद पडत नाही, चालतं व्यवस्थित. पण नवी फाईल उघडली की कर्सर पानाच्या मध्यावर लुकलुकत बसलेला. वरचं मार्जिन १४ सेंटिमीटर! कागद लीगल म्हणजे लांबडा, अक्षर १६ चं, ओळींत गाडी जाईल एवढं अंतर. त्यात फॉन्ट आमचा जुना मराठी, म्हणजे इंग्रजीत नाव टाईप करायला जावं तर अक्षरांची भेळ उमटते.

पोराला विचारलं तर म्हणतो, “मी फक्त बाँडचं माप लावलं होतं, ताई.” स्टॅम्प पेपरवर वरच्या भागात मुद्रांक छापलेला असतो, मजकूर त्याच्या खालून घ्यावा लागतो, हे तुम्हाला माहीत असेलच. ते माप त्या एका फाईलला लावायचं सोडून यानं सगळ्या दुकानाला लावलं.

गावातल्या दुरुस्तीवाल्यानं ५०० रुपये घेऊन मशीनवरचं मायक्रोसॉफ्ट ऑफिस काढलं आणि पुन्हा टाकलं. उघडून बघते तर १४ सेंटिमीटर जिथल्या तिथे. वर म्हणतो, व्हायरस असेल.

दिवसाला ३०-४० फाईली होतात. प्रत्येक वेळी मार्जिन बदलायचं, कागद बदलायचा. परवा एकदा विसरले, साध्या अर्जाचं माप राहिलं आणि बाँड घातला. शंभराचा बाँड गेला आणि पाचशेचा आला तेव्हापासून असली चूक परवडत नाही हो. मोबाईलला फॅक्टरी रीसेट असतं तसं वर्डला काही असतं का? सगळे मेनू धुंडाळले, बटण सापडलं नाही.

रिकामटेकडा
विंडोज फॉरमॅट मारा. सुंठीवाचून खोकला जाईल.

चहाबिस्कीट
@रिकामटेकडा, आणि सोबत दहा वर्षांची प्रतिज्ञापत्रंही जातील. ताई, याचं ऐकू नका. हा माणूस नळ गळत असेल तर घर पाडायला सांगतो.

खिळेजुळारी
ताई, मी छापखान्यात खिळे जुळवण्यापासून सुरुवात केली, मग डीटीपीत, म्हणजे संगणकावरच्या मांडणीत आलो, आता निवृत्त. तुमच्यासारख्या केसी शेकड्यानं पाहिल्या आहेत.

वर्डला असं एक बटण नाही. कारण वर्ड तुमच्या आवडीनिवडी एका जागी ठेवत नाही. थोड्या एका फाईलमध्ये, थोड्या विंडोजच्या रजिस्ट्रीत (ती त्याची आतली नोंदवही), थोड्या आणखी तिसरीकडे. तुमचं दुखणं मात्र जवळजवळ नक्की पहिल्या जागचं आहे.

पोरानं काय केलं ते सांगतो. पेज सेटअपच्या खिडकीत खाली डाव्या कोपऱ्यात ‘सेट अ‍ॅज डिफॉल्ट’ असं बटण असतं. ते दाबलं की वर्ड विचारतं, हा बदल नॉर्मल टेम्प्लेटवर बेतलेल्या सगळ्या नव्या फाईलींना लागू होईल, चालेल का? त्यानं ‘येस’ दाबलं. फॉन्टच्या खिडकीतही तसंच बटण आहे, तिथेही दाबलं. पोरगं कामसू दिसतंय.

हा ‘नॉर्मल’ म्हणजे कोऱ्या पानाचा साचा. तुम्ही नवी फाईल उघडता तेव्हा वर्ड त्या साच्यातून पान काढून देतं. २००३ च्या वर्डपर्यंत त्या फाईलचं नाव ‘नॉर्मल डॉट डॉट’ होतं, २००७ पासून ‘नॉर्मल डॉट डॉटएम’ झालं. (फोनवर कुणाला सांगताना “नॉर्मल डॉट डॉट” म्हटलं की पलीकडचा “हां, पुढे?” म्हणून थांबायचा.) ही फाईल तुमच्या नावाच्या फोल्डरात राहते. ऑफिस काढून पुन्हा टाकलं तरी तिला सहसा कुणी हात लावत नाही. म्हणून तुमचे ५०० वाया गेले. व्हायरसबियरस काही नाही.

तरी आधी खात्री करून घ्या. वर्ड पूर्ण बंद करा. कीबोर्डवर विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा. छोटी खिडकी येईल, तिच्यात इंग्रजीत ‘विनवर्ड’ लिहा, एक जागा सोडा, मग तिरकी रेघ आणि तिला चिकटून ‘ए’. एंटर. यानं वर्ड नॉर्मल साचा आणि बाहेरची जोडकामं न घेता उघडतं. तिथे नवं पान नीट आलं तर दोष तुमच्या सेटिंगमध्ये आहे, प्रोग्राम धडधाकट आहे. तेवढं बघून इथे लिहा, मग पुढचं सांगतो.

झेरॉक्सवाली
काका, बघितलं. एकदम नीट पान आलं! वरून एक इंचावर कर्सर. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. आता हे कायम कसं करायचं?

खिळेजुळारी
आता साचा बाजूला करायचा. पुसायचा नाही, नाव बदलायचं. हे ठळक अक्षरात समजा.

वर्ड बंद. आउटलुक वापरत असाल तर तेही बंद, कारण ते मेल लिहायला वर्डचंच इंजिन घेतं आणि साचा धरून बसतं. पुन्हा विंडोजची कळ आणि आर. आता पर्सेंटचं चिन्ह, इंग्रजीत ‘अ‍ॅपडेटा’, पुन्हा पर्सेंटचं चिन्ह, सगळं सलग, एंटर. हे फोल्डर एरवी लपवलेलं असतं, असं लिहिलं की सरळ उघडतं. त्यात मायक्रोसॉफ्ट, त्यात टेम्प्लेट्स. तिथे नॉर्मल बसलेला सापडेल. त्याचं नाव ‘जुना-नॉर्मल’ करा. वर्ड उघडा. साचा जागेवर नाही म्हटल्यावर वर्ड स्वतःच नवा बनवतं, कारखान्यातून आल्यासारखा.

कन्सेप्ट नावाचा मॅक्रो व्हायरस (मॅक्रो म्हणजे वर्डच्या फाईलीत बसणारा छोटा प्रोग्राम) १९९५ मध्ये आला, तो याच नॉर्मलमध्ये ठाण मांडायचा आणि तिथून प्रत्येक नव्या फाईलला चिकटायचा. तेव्हापासून साच्याचं नाव बदलणं हा आमचा घरगुती काढा आहे.

झेरॉक्सवाली
काका, दोन अडचणी. फाईलचं नाव नुसतं ‘नॉर्मल’ दिसतंय, पुढचं डॉटएम कुठंच नाही. आणि शेजारी तशीच एक पुसट फाईल आहे, नावाच्या आधी नागमोडी रेघ आणि डॉलर. नाव बदलू देत नाही, म्हणतं फाईल दुसरीकडे उघडी आहे.

चहाबिस्कीट
ती पुसट फाईल म्हणजे वर्ड अजून कुठेतरी जिवंत आहे याची खूण. वर्ड फाईल उघडतं तेव्हा “ही माझ्याकडे आहे” म्हणून तशी चिठ्ठी ठेवतं. टास्क मॅनेजर उघडा, वर्ड दिसलं तर तिथून बंद करा, ती गायब होईल. आणि डॉटएम दिसत नाही ते विंडोजमुळे, ओळखीच्या फाईलींची शेपटी ते लपवतं. तुम्ही नुसतं नाव बदला, शेपटी आपोआप मागे राहते. राहू दे, पुढे उपयोगी आहे.

झेरॉक्सवाली
केलं. पण काहीच झालं नाही हो! नाव बदललं, वर्ड उघडलं, फाईल उघडली, तेच १४ सेंटिमीटर. तीनदा केलं.

रिकामटेकडा
फॉरमॅट...

खिळेजुळारी
ताई, कोणती फाईल उघडलीत? नवी की जुनी?

झेरॉक्सवाली
कालचंच एक प्रतिज्ञापत्र उघडलं. आम्ही तसंच करतो ना, जुनी फाईल उघडायची, नाव-पत्ता बदलायचा आणि दुसऱ्या नावानं सेव्ह करायची. नवी फाईल रोज कोण करतंय.

खिळेजुळारी
तिथेच गोम आहे. साचा फक्त जन्माच्या वेळी कामाला येतो. फाईल एकदा तयार झाली की तिचं मार्जिन, कागद, सगळं तिच्या पोटात. नंतर साचा बदला, जाळा, तिला पत्ता लागत नाही. भांडं भाजून झालं की साचा फोडला तरी भांड्याला काय?

पोराच्या त्या चार दिवसांत आणि नंतरच्या महिन्यात ज्या फाईली झाल्या, आणि त्यांच्यावरून ज्या पुढे झाल्या, त्या सगळ्या अर्ध्या पानवाल्या राहणार. एकदा कंट्रोल आणि एन दाबून खरी नवी फाईल उघडा आणि सांगा.

झेरॉक्सवाली
अगंबाई. नवी फाईल एकदम बरोबर आहे. आणि मी तीन वेळा नाव बदलत बसले, आता टेम्प्लेट्समध्ये जुना-नॉर्मल, जुना-नॉर्मल१, जुना-नॉर्मल२ अशी तीन भावंडं झालीत.

चहाबिस्कीट
पहिलं भावंड तेवढं जपा, खरा जुना साचा तो. बाकी दोन कोरे आहेत.

जुन्या फाईली दुरुस्त करायच्या तर एक गंमत लक्षात ठेवा. वर्डमध्ये पानाचं माप फाईलच्या अगदी शेवटच्या परिच्छेदखुणेत साठवलेलं असतं, ती उलट्या ‘पी’सारखी दिसते ना, तिच्यात. कंट्रोल-ए मारून सगळं उचललंत आणि नव्या फाईलीत टाकलंत तर ती खूण मापासकट सोबत येऊ शकते. म्हणून सगळा मजकूर निवडा, शेवटची खूण तेवढी सोडा, मग नव्या कोऱ्या फाईलीत टाका. मजकूर येईल, १४ सेंटिमीटर मागे राहील.

फक्त टाकताना ‘कीप टेक्स्ट ओन्ली’ घेऊ नका. युनिकोड, म्हणजे मोबाईलवर लिहितो तसल्या मराठी मजकुराला ते चालतं, तुमचा फॉन्ट जुना आहे. फॉन्ट उतरला की आतलं इंग्रजी उघडं पडतं आणि ‘प्रतिज्ञापत्र’ ऐवजी चिनी पोपट बोलल्यासारखं काहीतरी दिसतं.

आता जुन्या फॉन्टचा विषय निघालाच आहे तर माझी कर्मकहाणी ऐका, म्हणजे कुणी माझ्यासारखं करणार नाही. दोन वर्षांपूर्वी माझं वर्ड असंच नाठाळ झालं होतं. मी साच्यावर थांबलो नाही. कुठेतरी वाचलं की रजिस्ट्रीत जाऊन वर्डच्या नावाखालचं ‘डेटा’ आणि ‘ऑप्शन्स’ उडवलं की सगळं स्वच्छ होतं. खरंय ते, होतं स्वच्छ. हल्लीच्या आवृत्त्यांचं सगळं १६.० नावाच्या घरात असतं, तिथून उडवलं. वर्ड उघडलं तर अगदी नवी नवरी.

संध्याकाळी एका दिवाळी अंकाची कथा टाईप करायला घेतली, जुन्या फॉन्टमध्ये. वाक्य संपलं, पुढचं सुरू केलं की पहिलं अक्षर आपोआप भलतंच होतंय. मी ‘त’ मारतोय आणि दिसतंय दुसरंच. अवतरणचिन्ह मारलं की तिथे काना-मात्रेचा तुकडा. अर्धा तास कीबोर्डला शिव्या दिल्या, बदलून पाहिला, तरी तेच.

मग लक्षात आलं. जुन्या फॉन्टमध्ये प्रत्येक मराठी तुकड्यामागे एक इंग्रजी अक्षर लपलेलं असतं. छोटं अक्षर म्हणजे एक तुकडा, मोठं म्हणजे दुसरा. आणि वर्ड मूळ अवस्थेत इंग्रजी लिहिणाऱ्यासाठी सजवलेलं असतं: वाक्याचं पहिलं अक्षर मोठं कर, सरळ अवतरण वाकडं कर, दोन मोठी अक्षरं लागोपाठ आली तर दुसरं छोटं कर, कॅप्स लॉक चुकून लागलाय असं वाटलं तर उलटं कर. त्याच्या दृष्टीनं तो माझं इंग्रजी सुधारत होता. या सगळ्यांसमोरच्या बरोबरच्या खुणा, म्हणजे टिका, मी कधीकाळी एकेक करून काढलेल्या होत्या आणि विसरूनही गेलो होतो. मीच हातानं उडवल्या.

ताई, तुम्ही रजिस्ट्रीला हात लावू नका. तुमचं काम साच्यावर भागलंय. कधी लावायचीच वेळ आली तर आधी त्या भागाचा एक्स्पोर्ट, म्हणजे प्रत, काढून ठेवा. आणि नंतर पहिलं काम म्हणजे फाईल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स. तिथे ‘ऑटोकरेक्ट’ आणि ‘ऑटोफॉरमॅट अ‍ॅज यू टाईप’ अशा दोन्ही पानांवर फिरा.

खिळेजुळारी
सोळा आणे खरं. आमच्याकडे नव्या मशीनवर पहिला अर्धा तास या टिका काढण्यातच जायचा. श्रीलिपी, आयएसएम असली जुन्या फॉन्टची सॉफ्टवेअरं वापरणाऱ्या प्रत्येक ऑपरेटरला ती यादी तोंडपाठ होती.

परदेशी_पावणा
विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. मी न्यू जर्सीत, बाबा नाशकात. ते कुळाचा इतिहास लिहितायत, मी इथे मांडणी करून पाठवतो. साचा रीसेट केल्यावर माझ्याकडे कागद आपोआप ‘लेटर’ येतो, कारण माझ्या संगणकाचा प्रदेश अमेरिका. बाबांच्या प्रिंटरात ए-फोर. लेटर ए-फोरपेक्षा सुमारे १८ मिलिमीटर आखूड आणि ६ मिलिमीटर रुंद. बाबा हौसेनं कागद बदलतात, पानं सरकतात आणि अनुक्रमणिकेत पणजोबा १२ व्या पानावर, प्रत्यक्षात ११ व्या. दोनदा भांडण झालं. तेव्हा रीसेट केल्यावर कागदाचं माप आधी बघा.

मॅकवाल्यांसाठी: फाइंडरमध्ये ऑप्शनची कळ दाबून ‘गो’ मेनू उघडा, लपलेली लायब्ररी दिसेल. त्यात ग्रुप कंटेनर्स, त्यात ‘यूबीएफ’नं सुरू होणारं आणि ‘ऑफिस’नं संपणारं फोल्डर, त्यात यूजर कंटेंट, मग टेम्प्लेट्स. तिथे तोच नॉर्मल.

उबुंटूवाला
लिब्रे ऑफिसमध्ये, म्हणजे वर्डच्या फुकट पर्यायात, हे एवढं रामायण नाही. हेल्प मेनूत ‘रीस्टार्ट इन सेफ मोड’ आहे, ५.३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून. सुरू झालं की खिडकी विचारते: आधीच्या बॅकअपवर जाऊ, एक्स्टेन्शन्स बंद करू, की कारखान्यातल्या स्थितीला आणू? शेवटच्यातही दोन पायऱ्या, नुसती सेटिंग किंवा अख्खं प्रोफाइल. अख्खं प्रोफाइल घेतलं तर शब्दकोशात घातलेले तुमचे शब्द आणि साचेही जातात, तेव्हा आधी प्रोफाइलचं फोल्डर कॉपी करा. ते ‘४’ नावाच्या फोल्डरात असतं. आवृत्ती ७ असो की २४, फोल्डर ४ च. नवखे हमखास तिथे गोंधळतात.

रिकामटेकडा
आला का हा! वर्डचा धागा आणि उबुंटूवाला नाही, असं कधी झालंय?

उबुंटूवाला
फॉरमॅट मारा सांगण्यापेक्षा बरं.

झेरॉक्सवाली
भांडू नका रे, माझे दोन प्रश्न राहिलेत.

एक, नव्या फाईलीत फॉन्ट ‘अ‍ॅप्टॉस’ येतोय. माझ्याकडे आधी कॅलिब्री होता. मी मूळ अवस्थेत आणलं ना, मग हा कोण? दोन, ते बाँडचं माप खरंच लागतं मला. आता ते पुन्हा कुठून आणू?

खिळेजुळारी
‘मूळ’ म्हणजे तुमचं जुनं मूळ नव्हे, आत्ता मशीनवर असलेल्या आवृत्तीचं मूळ. २००३ पर्यंत टाइम्स न्यू रोमन १२ होता. २००७ ला कॅलिब्री ११ आला. २०२३ पासून मायक्रोसॉफ्टनं अ‍ॅप्टॉस आणला, १२ चा. दुरुस्तीवाल्यानं नवी आवृत्ती टाकली असणार. कॅलिब्री हवा असेल तर आता तुम्ही स्वतः फॉन्टच्या खिडकीत जाऊन तेच ‘सेट अ‍ॅज डिफॉल्ट’ वापरा. बटण वाईट नाही, हात कुणाचा लागतो त्यावर आहे.

युनिकोडमध्ये मराठी टाईप करणाऱ्यांनी एक बघावं, त्या खिडकीत फॉन्टचे दोन रकाने असतात. वरचा इंग्रजीसाठी, खालचा ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’, तो आपला. लोक वरच्यात १४ करतात आणि मराठी हलत नाही म्हणून रडतात. खालचा रकाना मराठी कीबोर्ड किंवा भाषा बसवलेली असेल तरच दिसतो.

बाँडचं असं करा. जुन्या साच्याची भानगडच नको. कोरी फाईल घ्या, लीगल, वर १४ सेंटिमीटर, तुमचा मराठी फॉन्ट, ओळींचं अंतर, सगळं लावा. मजकूर काही नको, फार तर ‘प्रतिज्ञापत्र’ एवढं शीर्षक. सेव्ह करताना प्रकार ‘वर्ड टेम्प्लेट’ निवडा, नाव ‘बाँड’. वर्ड ती आपणहून ‘कस्टम ऑफिस टेम्प्लेट्स’मध्ये ठेवतं, आणि फाईल, न्यू, पर्सनल इथे दिसते. दाबली की त्या मापाची नवी फाईल, ‘बाँड’ मात्र जशीच्या तशी. जुन्या फाईलवर चुकून सेव्ह होऊन कुणाचा तरी सातबारा दुसऱ्याच्या नावावर जायची भीतीही संपली. असेच भाडेकरार, संमतीपत्र वेगळे करा.

चहाबिस्कीट
आणि जुन्या साच्यात मॅक्रो किंवा स्टाईल्स असतील तर त्या आणता येतात. ऑप्शन्स, अ‍ॅड-इन्स, खाली ‘मॅनेज’मध्ये टेम्प्लेट्स निवडून गो, मग ऑर्गनायझर. एका बाजूला नवा नॉर्मल, दुसऱ्या बाजूला जुना-नॉर्मल उघडा आणि हवं ते कॉपी करा. शेपटी डॉटएम राहू दे म्हटलं होतं ते याचसाठी, नाहीतर तिथे फाईल दिसत नाही.

वरची छोटी पट्टी आणि रिबन, म्हणजे बटणांचा मोठा पट्टा, यांत केलेले बदल साच्यात नसतात. ते नको असतील तर ऑप्शन्समध्ये ‘कस्टमाइज रिबन’ला रीसेटचं वेगळं बटण आहे. कीबोर्ड शॉर्टकटलाही वेगळं.

झेरॉक्सवाली
आठवड्यानं लिहितेय, हिशोब द्यायला.

बाँड, भाडेकरार, संमतीपत्र आणि वारस अर्ज असे चार साचे केले. नवी फाईल ए-फोर, कॅलिब्री. जुन्या प्रतिज्ञापत्रांतली रोज लागणारी पंधरा-वीस तेवढी चहाबिस्कीट म्हणाले तशी, शेवटची खूण सोडून, नव्या फाईलीत आणली. बाकीची पडून राहू देत. बाँडाआधी एकदा साध्या लीगलवर प्रिंट काढून उजेडाला धरून बघतो, हा नियमच केला.

खिळेजुळारी काकांनी निरोपातून आणखी एक सांगितलं होतं ते इथेही लिहिते. ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड, सेव्हच्या भागात ‘प्रॉम्प्ट बिफोर सेव्हिंग नॉर्मल टेम्प्लेट’ अशी टीक आहे, ती लावली. आता साच्याला धक्का लागला की वर्ड बंद होताना विचारतं, बदल ठेवू का?

पोरानं मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी चिकटवलीय, ‘नॉर्मल विचारलं तर नो’. तरी काल संध्याकाळी मी झेरॉक्सवर होते तर आतून हाक आली, “ताई, ते नॉर्मल विचारतंय. नो दाबू ना? नक्की ना?”